जीएम आणि क्रायस्लर युनियनमुळेच बुडाल्या ना? मग आज अमेरिकन कार कंपन्यांचे शेअर घ्यावेत का?

नाही, जीएम (जनरल मोटर्स) आणि क्रायस्लर या अमेरिकन कार कंपन्या २००९ मध्ये दिवाळखोरीत गेल्या खऱ्या, पण कामगार युनियनमुळे बुडाल्या नाहीत. तसं असतं तर फोर्डही बुडाली असती, कारण तिथेही तीच युनियन आणि जवळपास तोच करार. फोर्डने २००६ च्या शेवटी कारखान्यांपासून निळ्या लोगोपर्यंत सगळं गहाण टाकून २३ अब्ज डॉलरहून जास्त कर्ज उभं केलं होतं, तेही बँका कर्ज देत होत्या तेव्हा. म्हणून ती तगली.

युनियनवाल्या कामगाराला तासाला ७० डॉलर पगार मिळायचा असं सांगतात, तो आकडा तर मला पाठ झालाय. जुन्या कामगाराच्या हातात तासाला साधारण २८ डॉलर यायचे. वरचा खर्च विमा, पेन्शन आणि मुख्य म्हणजे केव्हाच निवृत्त झालेल्यांच्या औषधपाण्याचा, आजच्या कामगारांच्या तासांवर वाटलेला. टोयोटाचा केंटकीतला कारखाना १९८८ चा. त्यांच्याकडे निवृत्त होते कुठे? आणि जीएमने १९५० मध्ये पेन्शन-विमा देऊन पाच वर्षं संप टाळले, त्या करारावर साहेबांचीही सही होती.

मी २००८ मध्ये डेट्रॉइटच्या उत्तरेला, मॅकोम काउंटीत, एका छोट्या स्टॅम्पिंग कारखान्यात, म्हणजे पत्रा दाबून गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, कोटेशन काढायचो. ब्रॅकेट, सीटखालच्या पट्ट्या असला माल. आमच्याकडे युनियन नव्हती, पगार बेताचे, तरी आम्ही मरणाच्या दारात होतो. गिऱ्हाईक एक मोठी कार कंपनी. करारातच लिहिलेलं की दर वर्षी रेट दोन-तीन टक्के कमी करायचा. त्या उन्हाळ्यात स्टील भडकलं होतं, म्हणून मी वाढ मागायला गेलो, तर त्यांच्या परचेसवाल्याने चीनचं कोटेशन पुढे सरकवलं. डाय (पत्रा दाबायचे साचे) त्यांच्या मालकीच्या, म्हणजे उद्या उचलून दुसरीकडे नेणार. गप्प बसलो. हिवाळ्यात ऑर्डरी आटल्या, मागची बिलं थकली, आणि आमच्या बँकेने सांगितलं की डेट्रॉइटच्या कंपन्यांकडून येणं असलेली रक्कम आता तारण म्हणून धरणार नाही. भंगार विकून पगार करावा म्हटलं, तर भंगारही कोसळलेलं.

मार्च २००९ मध्ये सरकारने पुरवठादारांसाठी ५ अब्ज डॉलर काढले. पण ते कोणाला द्यायचे हे कार कंपनी ठरवणार, आणि पैसे लवकर हवे तर बिलातून फी कापणार! फोर्डचे तेव्हाचे प्रमुख ॲलन मुलाली स्वतःला मदत नको असताना प्रतिस्पर्ध्यांसाठी वॉशिंग्टनला रदबदली करायला गेले, ते काही परोपकार म्हणून नव्हे. तिघांचे पुरवठादार तेच. आम्ही मेलो असतो तर फोर्डची लाइनही थांबली असती.

माझे साडू भोसरीत प्रेसशॉप चालवतात. रेट कापणाऱ्या गिऱ्हाइकाला रोज शिव्या देतात आणि संध्याकाळी मला सांगतात की अमेरिका युनियनने बुडवली. साडूभाऊ, माझा रेट कोणत्या युनियनवाल्याने कापला होता, ते एकदा सांगा.

बुडायचं खरं कारण पिकअप आणि एसयूव्ही. आयात पिकअपवर १९६४ पासून २५ टक्के कर, त्यामुळे तिथे भरपूर नफा, आणि छोट्या गाड्यांकडे दुर्लक्ष. २००८ मध्ये पेट्रोल गॅलनला चार डॉलरवर गेलं, मग कर्जं बंद झाली. अमेरिकेतला वर्षाचा खप २००७ मध्ये सुमारे १.६ कोटी होता, तो २००९ मध्ये १.०४ कोटींवर आला. कारखान्याचा खर्च मात्र खप घटला म्हणून तेवढाच घटत नाही.

तशी युनियनही धुतल्या तांदळासारखी नव्हती. 'जॉब्स बँक' म्हणजे काम नसताना जवळपास पूर्ण पगार. त्याची बाजू मी घेणार नाही.

शेअरचं म्हणाल तर जीएमच्या जुन्या भागधारकांच्या हाती काहीच राहिलं नाही. आज बाजारात आहे तो २०१० मध्ये नव्याने आलेला शेअर. घ्यायचाच असेल तर नफ्यातला किती हिस्सा पिकअपचा आहे, डीलरकडे किती दिवसांचा माल पडून आहे आणि पुरवठादारांची किती देणी बाकी आहेत, एवढं वार्षिक अहवाल उघडून शोधा, तिथे नसेल ते इतरत्र. साडूंनी असा एकही अहवाल कधी उघडलेला नाही.