केमो चालू असताना तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यावं का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: आईंना स्तनाच्या कॅन्सरची केमो चालू आहे. मामांनी भांडी बाजारातून तांब्याचा हंडा आणलाय आणि त्यातल्या पाण्याने गाठ विरघळते म्हणतात. भावाने मात्र वाचलंय की तांब्यामुळे कॅन्सर वाढतो. शिवाय निफाडच्या द्राक्षबागेत आयुष्यभर मोरचूद (म्हणजे कॉपर सल्फेट, तांब्याचाच क्षार) फवारलं, त्यानेच हे झालं का, ही शंका तुमच्या मनातून जात नाही.

मी नाशिकमध्येच एका रुग्णालयात फार्मासिस्ट आहे. केमोची औषधं तयार करून वॉर्डात पाठवणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे मामांचं आणि भावाचं, दोन्ही म्हणणी माझ्या खिडकीवर कायम येतात.

आधी हंड्याचं. बंगळुरूच्या संशोधकांनी 2012 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुद्दाम जंतू मिसळलेलं पाणी 16 तास तांब्याच्या भांड्यात ठेवलं. जंतू मेले आणि पाण्यात लिटरमागे सुमारे 0.18 मिलिग्रॅम तांबं उतरलं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 2 मिलिग्रॅम आहे. आपल्याला रोज साधारण एक मिलिग्रॅम तांबं लागतंच आणि ते डाळी, तीळ, शेंगदाण्यांतून मिळतं. म्हणजे हंड्यातल्या पाण्याने गाठ विरघळणार नाही, आणि वाढणारही नाही. आईंना सवय असेल तर खुशाल द्या, पण पाणी आधी उकळून गार केलेलंच हवं. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना भांड्याच्या भरवशावर राहू नका.

भावाने वाचलंय ते मात्र निराधार नाही. बऱ्याच कॅन्सरमध्ये रक्तातलं तांबं वाढलेलं दिसतं. पण ते वाहून नेणारं सेरुलोप्लाझ्मिन हे प्रथिन शरीरात कुठेही दाह असला तरी वाढतं, गरोदरपणातही वाढतं. त्या आकड्याचा हंड्याशी संबंध नाही. जास्तीचं तांबं यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. गाठीला ते लागतं हेही खरं: ऊर्जा तयार करायला, नव्या रक्तवाहिन्या वाढवायला, आणि भोवतालचं कोलॅजन (पेशींना बांधून ठेवणारं तंतुमय प्रथिन) घट्ट विणणाऱ्या लायसिल ऑक्सिडेज या एन्झाइमला. हे तांबं ती रक्तातून ओढते, आणि आपण कमी खाल्लं म्हणून फक्त तिचीच उपासमार होत नाही.

गाठीला मिळणारं हे तांबं औषधाने तोडता येईल का, यावर काम झालंय. विल्सन आजारात शरीरात तांबं साठतं, त्यासाठी पुढे आणलेलं टेट्राथायोमॉलिब्डेट न्यूयॉर्कमध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या 75 रुग्णांना देऊन पाहिलं. निष्कर्ष 2017 मध्ये आले, विशेषतः ट्रिपल निगेटिव्ह प्रकारात (ज्यावर हार्मोनची औषधं लागू पडत नाहीत) आशा वाटावी असे. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून त्याला अजून उपचार म्हणता येत नाही.

उलटी वाट मला जास्त विलक्षण वाटते. इलेस्क्लोमॉल हे औषध तांब्याला पेशीच्या आत नेऊन सोडतं. त्वचेच्या मेलानोमा या कॅन्सरवरची त्याची मोठी चाचणी 2009 मध्ये थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त दिसले. 2022 मध्ये अमेरिकेच्या ब्रॉड इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी दाखवलं की असं आत गेलेलं तांबं मायटोकॉन्ड्रियातल्या (पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागातल्या) काही प्रथिनांना चिकटतं, त्यांच्या गुठळ्या होतात आणि पेशी मरते. पेशीमृत्यूचा हा वेगळाच प्रकार निघाला, त्याला कप्रॉप्टोसिस म्हणतात. पडलेल्या औषधाकडे पुन्हा बघायला यामुळे कारण मिळालं.

टाटा मेमोरियलच्या ‘शंभर रुपयांच्या गोळी’ची बातमी फेब्रुवारी 2024 मध्ये व्हॉट्सअॅपवर फिरत होती, तुम्हालाही आली असेल. त्यात रेझव्हेराट्रॉल आणि अगदी सूक्ष्म प्रमाणात तांबं असतं. मरणाऱ्या पेशींतून सुटलेले क्रोमॅटिनचे (डीएनए आणि प्रथिनांचे) कण चांगल्या पेशींना इजा करतात, ते कण या जोडीने मोडतात, अशी त्यामागची मांडणी. आतापर्यंतचे अभ्यास लहान आहेत. रेझव्हेराट्रॉल द्राक्षांच्या सालीत असतं हे कळल्यावर आपल्याकडे लगेच द्राक्षं आणि तांब्याचं पाणी असा घरगुती प्रयोग सुरू झाला. कृपा करून तो करू नका, ते तसं चालत नाही.

मला खरी काळजी वेगळ्याच गोष्टींची वाटते. कुणी ताम्रभस्माच्या पुड्या दिल्या तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नका, केमोत यकृतावर आधीच ताण असतो. दुसरं, तांबं कमी करायचं म्हणून झिंकच्या गोळ्या महिनोन्‌महिने सुरू ठेवू नका. जास्त झिंकने आतड्यातून तांबं शोषलं जात नाही, आणि तांबं फार घटलं की हिमोग्लोबिन आणि न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) दोन्ही पडतात. मग रिपोर्टवर आकडा खाली दिसतो, केमोची तारीख पुढे जाते आणि घरचे म्हणतात औषध झेपत नाही.

मळमळीवर लिंबू सरबत देत असाल तर ते स्टीलच्या पेल्यात द्या. लिंबू, ताक, कोकम तांब्यात कळकतं, ते पोटात गेलं की उलट्या होतात. केमोने तोंडाला आधीच धातूची चव येते. हंड्याचं पाणी आईंना नकोसं वाटलं तर मामांसाठी म्हणून आग्रह करू नका.

आता मोरचुदाचं. कॅन्सरकारक म्हणून सिद्ध झालेल्या पदार्थांच्या यादीत ते नाही. पोर्तुगालमध्ये द्राक्षबागांत वर्षानुवर्षं बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) फवारणाऱ्यांच्या फुप्फुसांचा आजार 1969 मध्ये नोंदवला गेला, म्हणून फवारणीला मास्क आणि हातमोजे हवेतच. पण आईंच्या स्तनातल्या गाठीचा दोष बागेला देऊ नका, स्वतःला तर नाहीच.

पुढच्या केमोला जाताना घरातल्या सगळ्या पुड्या, गोळ्या, काढे एका पिशवीत घालून न्या आणि टेबलावर ठेवा. नावं पाठ नसली तरी चालेल, पाकिटं पुरतात.