बोर्डाने ४०% दिले, काम तर काहीच होत नाही. माजी सैनिकाला १००% डिसॅबिलिटी पेन्शन मिळेल का?

तुम्ही लिहिलंय की १७ वर्षं नोकरी झाली, मणक्यामुळे आता कुठलंच काम होत नाही, निवृत्तीच्या वेळी तपासणाऱ्या रिलीज मेडिकल बोर्डाने ४०% अपंगत्व दिले. मग पूर्ण १००% का नकोत? मी फौजी नाही, फौजीची बायको आहे. याच विषयावरून आमच्या घरात सख्ख्या भावांचं बोलणं तुटलं होतं, म्हणून लिहिते.

आधी कडू ते सांगते. ‘काम होत नाही’ याला बोर्डापुढे किंमत नाही. तुमच्याच वयाच्या निरोगी माणसाशी तुलना करून टक्के ठरवायचे, कमाईची ताकद धरायची नाही, असा नियमच आहे. ५०च्या खालचे राउंड होऊन ५० होतात, ५० ते ७५चे ७५, आणि ७६पासून पुढचे १००. पूर्वी हे फक्त बोर्डआउट झालेल्यांना, म्हणजे दुखण्यामुळे मुदतीआधी घरी पाठवलेल्यांना, मिळायचं. २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात सुप्रीम कोर्टाने पूर्ण नोकरी करून आलेल्यांनाही दिलं. म्हणजे तुमचे ४०चे ५० होतील, १०० नाही. पण टक्क्यांच्या आधी त्या कागदावर ‘अ‍ॅट्रिब्युटेबल’ किंवा ‘अ‍ॅग्रॅव्हेटेड’ (म्हणजे नोकरीमुळे झालेलं किंवा नोकरीने वाढलेलं) लिहिलंय का ते बघा. खरी मारामारी तिथे असते.

आमचे हे तोफखान्यात हवालदार होते. काश्मीरमध्ये ड्युटीवर असताना गाडी नाल्यात कलंडली, तेव्हापासून कंबर धरली. निवृत्तीच्या वेळी बोर्डाने ३०% लिहिले आणि पुढच्याच रकान्यात ‘नोकरीशी संबंध नाही’. म्हणजे साधं पेन्शन चालू, अपंगत्वाचा एक रुपया नाही. गावी आल्यावर बँकेत गार्डची नोकरी धरली. दिवसभर बंदूक घेऊन उभं राहायचं. संध्याकाळी दारात आले की डावा पाय दोन्ही हातांनी उचलून उंबऱ्याच्या आत घ्यायचे. बुटाच्या नाड्या मी सोडायची, कारण वाकता यायचं नाही. ती नोकरीही सुटली.

तेव्हा अपील करायचं ठरलं तर मोठे भावजी, तेही सुभेदार होऊन आलेले, भर जेवणात म्हणाले, “हातपाय शाबूत असताना अपंगाचं पेन्शन मागतोस? पलटणीचं नाव घालवशील.” हे ताटावरून उठले. ते वाक्य मी आजपर्यंत विसरलेले नाही.

ह्यांच्या काळ्या ट्रंकेत, जिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, रँक, नाव लिहिलेलं असतं त्या, जुन्या मूव्हमेंट ऑर्डरच्या खाली इंज्युरी रिपोर्टची कार्बन कॉपी सापडली. शाई पुसट झालेली, पण ‘ऑन ड्युटी’ आणि सीओ साहेबांची (कमांडिंग ऑफिसरची) सही वाचता येत होती. पहिलं अपील फेटाळलं, दुसरंही फेटाळलं. मग सैन्य लवादात (आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल) गेलो. वकिलांनी धरमवीर सिंग प्रकरणाचा २०१३चा निकाल दाखवला: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान धडधाकट होता असंच धरायचं, आणि दुखणं नोकरीमुळे नाही हे सरकारने सिद्ध करायचं. ३०चे ५० होऊन पेन्शन सुरू झालं. थकबाकी मात्र अर्जाआधीच्या ३ वर्षांचीच मिळाली. म्हणून उशीर करू नका.

भरतीच्या वेळी छाती मोजतात, दात बघतात, गुडघे एकमेकांना लागतात का ते बघतात. इतकं पारखून घेतलेला माणूस मोडून घरी पाठवला तर त्याची भरपाई मागण्यात लाज कसली? ही भीक नाही, हक्क आहे. उलट लाज बाळगून नुकसानच होतं. भावजींनी आयुष्यभर तोफेजवळ काढली, कानाचं मात्र बोर्डापुढे सांगितलं नाही. आज नातू हाक मारतो ते त्यांना ऐकू येत नाही आणि कागदावर कान ठणठणीत आहेत.

आता तुमच्या १००चं. मणक्याशिवाय कान, गुडघा, शुगर, बीपी असं जे काही नोकरीमुळे झालं किंवा वाढलं म्हणून मान्य झालंय, त्या सगळ्यांचे मिळून टक्के काढतात. ते ७५च्या पुढे गेले तरच १००. बोर्डानंतर दुखणं वाढलं असेल तर रिव्ह्यू मेडिकल बोर्ड तुम्ही स्वतः मागू शकता. आपणहून कोणी बोलावणार नाही. १००% वाल्यांना सतत माणूस लागत असेल तर त्याचा वेगळा भत्ता आहे, पण तोही बोर्डाने शिफारस केली तरच.

एक राहिलं. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आलेत. तुम्ही त्यानंतर निवृत्त झाला असाल तर आमची केस तुम्हाला जशीच्या तशी लागू होणार नाही. जखम शत्रूच्या कारवाईतली असेल तर वॉर इंज्युरीचे दरही निराळे, बरेच जास्त. बोर्डाचे कागद आणि डिस्चार्ज बुक घेऊन आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. आणि घरात कोणी भावजींसारखं बोललं, तर त्यांना हे उत्तर मोठ्याने वाचून दाखवा.