हवानाच्या रस्त्यावरची स्वस्त कोहिबा

हवानामध्ये रस्त्यात भेटलेल्या माणसाने, कारखान्यातील कामगारांना सहकारी संस्थेमार्फत मिळणारा हा माल आहे असे सांगून, कोहिबा या क्युबन सिगारची काचेच्या झाकणाची जी पेटी तुम्हाला मातीमोल भावात दिली, ती बनावट आहे, हे मी खात्रीने सांगतो. काचेच्या झाकणाच्या पेटीत अस्सल कोहिबा विकली जात नाही. ही एक खूण पुरेशी आहे. तरीही एक सिगार उभी चिरून पाहाच. हाताने वळलेल्या अस्सल कोहिबात या टोकापासून त्या टोकापर्यंत लांब, अखंड पाने असतात. नकली सिगारमधून बहुधा चुरा आणि देठांचे तुकडे बाहेर पडतात. ओढताना तोंडात भुगा येत होता असे तुम्ही म्हणता, त्याचे कारण हेच असावे. उरलेल्या सिगार कोणालाही भेट देऊ नका, सरळ फेकून द्या. अस्सल तंबाखूही शरीराला अपायच करतो, आणि इथे तर आत काय भरले आहे याचाही भरवसा नाही.

यापुढे ‘ला कासा देल हाबानो’सारख्या अधिकृत दुकानातूनच खरेदी करा आणि पावती जपून ठेवा, कारण पेटीवरच्या हिरवट हमीपट्टीचीही हुबेहूब नक्कल होते. पेटी परवडत नसेल, तर एकच सिगार घ्या.