रविवार झोपून काढला तरी सोमवारी अंग जडच

प्रश्न: ताई, मी ३४ वर्षांची आहे, अकाउंट्समध्ये काम करते. काम काही वाढलेलं नाही, पण हल्ली सुट्टीभर झोपले तरी फ्रेश वाटत नाही, आणि फोन वाजला की आधी चिडचिडच होते. घरचे म्हणतात सगळेच दमतात. ही बर्नआउटची सुरुवात असेल का, की मी उगाच बाऊ करतेय?

उत्तर: बाऊ अजिबात नाही, उलट वेळेत विचारलंत याचं बरं वाटलं. साधं दमणं झोपेने उतरतं. विश्रांती घेऊनही ते उतरत नसेल तर लक्ष द्यायलाच हवं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटचं वर्णन करताना तीन गोष्टी सांगितल्या: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काम नीट होत नाहीये असं वाटणं. तो आजार नाही, कामाच्या न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था आहे असंही त्यांनी स्पष्ट म्हटलंय. पण माझं मत विचाराल तर ही तिन्ही एकदम दिसायला लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो, त्याआधीच्या बारीक गोष्टी बघा. म्हणजे दोन ओळींचा साधा मेल, तो तीनदा वाचूनही डोक्यात शिरत नाही आणि मग 'नंतर बघू' म्हणून तसाच पडून राहतो. सकाळी उठल्यावर जबडा आवळलेला असतो, कारण झोपेत दात दाबले जातात. पहाटे तीन-चारला जाग येते आणि डोक्यात ऑफिसच चालू.

अजून एक, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ताण वाढला की माणूस काम कमी करत नाही, आधी फिरायला जाणं, मैत्रिणीशी गप्पा, गाणं असलं काहीतरी सोडतो, म्हणजे ज्याने बरं वाटायचं नेमकं तेच जातं आणि वर म्हणतो वेळच नाही. तुमचं गेल्या काही महिन्यांत असं काय काय सुटलंय ते आठवून बघा, आणि त्यातलं एक तरी याच आठवड्यात परत सुरू करा, अगदी वीस मिनिटं का होईना. संध्याकाळची कॉफीही बंद करा, कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात.

नुसत्या रजेवर मात्र भिस्त ठेवू नका, परत आल्यावर काम तसंच असेल तर चार दिवसांत पुन्हा तेच. साहेबांकडे 'मला ताण येतोय' एवढंच घेऊन जाण्यापेक्षा हातातल्या कामांची यादी घेऊन जा आणि यातलं कुठलं पुढे ढकलू ते सरळ विचारा. काम वाढलेलं नाही म्हणता, पण यादी काढल्यावर मध्येमध्ये शिरलेली बिनहिशेबी कामं बऱ्याचदा सापडतात.

आणि डॉक्टरांना भेटून थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासून घ्या, कारण यातलं काही बिघडलं तरी थकवा अगदी असाच वाटतो. दोन आठवडे सलग उदास वाटत असेल, कशातच रस उरला नसेल तर मानसोपचार तज्ज्ञांची वेळ घ्या. जगणंच नको असा विचार डोकावला तर त्याच दिवशी कुणालातरी सांगा आणि सोबत घेऊनच डॉक्टरांकडे जा.