कर्नल अपडेटनंतर मशीन अडलं? फॉरमॅटची घाई नको

उबुंटू या लिनक्स प्रणालीचं नवं कर्नल (हार्डवेअर सांभाळणारा तिचा गाभा) आलं की तेच ते प्रश्न येतात. काहींची उत्तरं इथे एकत्र देतो आहे.

लॉगमध्ये 'कर्नल टेन्टेड' (डागाळलेलं) दिसतं. व्हायरस शिरला का?

नाही. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरसारखं बाहेरचं मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा तुकडा) लोड झालं की ही नोंद होतेच.

अपडेटनंतर 'कर्नल पॅनिक... अननोन-ब्लॉक (०,०)' येऊन सगळं थांबतं. दुरुस्तीवाले म्हणतात, डिस्क गेली, फॉरमॅट करावं लागेल.

थांबा! डिस्क गेली असती तर ग्रबचा, म्हणजे सुरुवातीला कर्नल निवडून देणाऱ्या प्रोग्रॅमचा, मेनू कुठून आला असता? रूट पार्टिशन, म्हणजे प्रणाली ठेवलेला डिस्कचा भाग, वाचायला लागणारी बरीच मॉड्यूल्स रूटवरच असतात, म्हणून कर्नलला वाटेतली शिदोरी म्हणून इनिट्रॅमएफएस ही फाइल दिलेली असते. बूट पार्टिशन (कर्नल आणि ही फाइल जिथे राहते तो भाग) भरलेलं असलं की नवं कर्नल बसतं, पण ही फाइल अर्धवट राहते किंवा बनतच नाही, म्हणून कर्नलला रूट सापडत नाही. अपडेट चालू असताना 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' आलं होतं का, आठवून बघा. तो संदेश न वाचताच बहुतेक जण विंडो बंद करतात.

ग्रबमधल्या 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन मागचं कर्नल निवडा. सुरू झालं की टर्मिनलमधल्या 'डीएफ' कमांडने बूट पार्टिशन किती भरलंय ते पाहा. जागा नसेल तर एपीटी या सॉफ्टवेअर बसवणाऱ्या-काढणाऱ्या साधनाच्या 'ऑटोरिमूव्ह'ने जुनी कर्नल्स काढा. हाताने फाइली उडवू नका, एपीटीला त्याचा पत्ताच लागत नाही आणि गुंता वाढतो. मग सगळ्या कर्नल्ससाठी 'अपडेट-इनिट्रॅमएफएस' आणि शेवटी 'अपडेट-ग्रब' चालवा. मागचं कर्नलही चढत नसेल, तर लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या उबुंटूवरून) फाइली कॉपी करून घ्या आणि पुढचं काम लिनक्स जाणणाऱ्याकडूनच करून घ्या. कारण न सांगता फॉरमॅटचे पैसे मागणाऱ्याकडे मशीन ठेवू नका.

नव्या कर्नलवर वाय-फाय बंद. मॉड्यूल लोड करताना 'की वॉज रिजेक्टेड' येतं. व्हिडिओत सिक्युअर बूट (सही न पटलेला कोड रोखणारी सुरक्षा) बंद करायला सांगितलंय.

ऐकीव सल्ल्यावर बंद करू नका. शेजारी विंडोज आणि बिटलॉकर (त्याचं डिस्कचं कुलूप) असेल तर रिकव्हरी की मागितली जाईल. बहुधा मॉड्यूलवर सही आहे, पण ज्या कीने ती केली, ती की तुमच्या मशीनने स्वीकारलेली नाही. 'मोकयुटिल' या कमांडने ती की आयात करा. पुढच्या बूटला निळा पडदा काही सेकंदच थांबतो, तेवढ्यात कोणतंही बटण दाबून 'एनरोल मोक' (मोक म्हणजे मशीनच्या मालकाची की) निवडा. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आधी आयटी विभागाला विचारा.

बूट होताना 'आय/ओ एरर' (वाचण्या-लिहिण्यातली चूक) येतं, पण मशीन चालतं. दोन महिने झाले.

दोन महिने थांबलात कशाला? हे मॉड्यूलचं दुखणं नाही, बहुधा डिस्कचं किंवा केबलचं आहे. आजच बॅकअप घ्या, मग डिस्क तपासून घ्या. तोवर अपडेट करू नका.