वडिलांच्या जुन्या मराठी फाइली उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, काही तर उघडतच नाहीत. व्हायरस असेल का?

व्हायरस नाही. लेख जागच्या जागी आहेत, फॉन्ट गेलाय.

त्या काळात मराठी टाईप करणारे आम्ही सगळे संगणकाला फसवत होतो. त्याच्या लेखी मजकूर इंग्रजीच, फॉन्ट त्याला देवनागरीचं सोंग द्यायचा. कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये ‘मराठी’ म्हणजे आत ई, जे, के, कॅपिटल बी, एच. म्हणून नुसता आजचा मंगल फॉन्ट लावून काही होत नाही. मजकूर सिलेक्ट करा आणि फॉन्टच्या चौकटीत नाव बघा. फॉन्ट मशीनवर नसला तरी वर्ड नाव दाखवतो. ‘श्री-देव’ आणि पुढे आकडा असेल तर तो श्रीलिपी या सॉफ्टवेअरचा, ‘डीव्ही’ने सुरुवात असेल तर बहुधा सीडॅक या सरकारी संस्थेचा. तो फॉन्ट टाका, वाचता येईल. युनिकोड, म्हणजे फॉन्ट बदलला तरी मराठीच राहणारा मजकूर, हवा असेल तर त्याच फॉन्टचा मजकूर बदलून देणारा कन्व्हर्टर वापरा, पण त्यावर डोळे मिटून विसंबू नका.

हे मला पाठ आहे ते आमच्या कुलवृत्तांतामुळे. २००४ साली काकांनी तो काढला, टाईपसेटिंग माझ्याकडे, पेजमेकर ७ या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये. खर्च वाढला म्हणून इंदूर-बडोद्याच्या शाखांची ६० पानं ऐनवेळी वगळली. त्या पानांच्या प्रुफांवर काकांनी लाल शाईने दुरुस्त्या केल्या होत्या. गठ्ठा माळ्यावर नीट बांधून ठेवला होता. थोरल्या दादाने दिवाळीच्या साफसफाईत तो रद्दीत घातला. वर मलाच ऐकवलं, ‘सीडी आहे ना? तू अजून खिळे जुळवायच्या काळातच आहेस.’

२०१९ मध्ये पुरवणी काढायचं ठरलं. तोवर काका गेले होते. सीडी लागली, फाइल कॉपी झाली, दादाचा चेहरा बघण्यासारखा. पण उघडायची कशात? पेजमेकरच्या जागी आलेलं इनडिझाइन सीएस६ या आवृत्तीनंतर पेजमेकरची फाइल घेतच नाही. फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा लॉक, म्हणजे ज्याच्याशिवाय ते चालत नाही ती किल्ली, प्रिंटरच्या जुन्या पोर्टला लागणारा, आणि तो पोर्ट आता कुठल्या मशीनला असतो? शेवटी पुण्याच्या शनिवार पेठेतल्या एका जुन्या ऑपरेटरच्या विंडोज ९८ वर उघडली.

मग कन्व्हर्टर. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाईप करतात. युनिकोडमध्ये दोन्हीचं उलट. ही अदलाबदल चुकली की अर्जुनचा ‘अजुर्न’ होतो, कीर्तीची ‘कीतीर्’. लेखात असं चालून जातं, वाचणारा समजून घेतो. कुलवृत्तांतात नावंच नावं. ‘अजुर्न’ मी सुधारला हो, पण काकांनी कुठल्या पणजोबांचं साल खोडून काय लिहिलं होतं, ते कुठून आणू? तीन महिने इंदूरला फोन केले. दोन घरांत सांगणारंच कुणी उरलं नव्हतं.

तेव्हा कागद ठेवा. फाइल, पीडीएफ, युनिकोड सगळं करा, पण प्रुफं माळ्यावर राहू द्यात, आणि साफसफाईची हौस असलेल्या भावाला माळ्याची शिडी देऊ नका.

अजिबात न उघडणाऱ्या फाइली नोटपॅडमध्ये ओढून टाका. पहिली दोन अक्षरं ‘पीके’ असतील तर ती झिपच्या जातीची, म्हणजे २००७ पासूनच्या वर्डचीही असू शकते. टक्क्याचं चिन्ह आणि ‘पीडीएफ’ दिसलं तर नाव काहीही असो, ती पीडीएफच. पेजमेकरची असेल तर लिब्रेऑफिस या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघा, कधी उघडते. आणि हो, हे सगळं कॉपीवर करा, मूळ फाइलीला हात लावू नका. हे आधी सांगायला हवं होतं.

दादा अजून म्हणतो, ‘सीडी उघडली की नाही?’ उघडली. आणि पानं वगळलीच आहेत तर दुरुस्त्या कशाला भरा, असा २००४ साली कंटाळा मी केला, हे त्याला अजून माहीत नाही.