मूळ ब्लॉक किती अश्वशक्ती पेलतो?

प्रश्न : माझ्याकडे १९८९ सालची फोर्ड मस्टँग जीटी आहे. तिचे पाच लिटरचे व्ही-८ इंजिन अजून कंपनीने बांधले तसेच आहे. त्यावर सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंप) बसवून चाकांवर ४५० अश्वशक्ती काढायची, असा माझ्या मुलाचा बेत आहे. क्रँकला (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्याला) खालून धरणाऱ्या मेन कॅपवर गर्डल नावाची चौकट घातली की मूळ ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा ओतीव सांगाडा, कितीही पेलेल, असे आमचे मेकॅनिक ठामपणे सांगतात. त्यात कितपत तथ्य आहे आणि या ब्लॉकवर किती विश्वास टाकावा?
– एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : गर्डलबद्दल आपल्याला सांगितलेले खरे नाही, आणि मुलाने धरलेला आकडाही या ब्लॉकसाठी जास्त आहे. गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट आणि डिफरन्शियल मिळून साधारण १५ टक्के शक्ती खातात, त्यामुळे चाकांवरची ४५० म्हणजे क्रँकवरची सुमारे ५३० अश्वशक्ती झाली. हे इंजिन बांधणाऱ्यांचा वर्षानुवर्षांचा अनुभव असा आहे, की क्रँकवर ५०० च्या आसपास पोचलेला मूळ ब्लॉक कधी दुभंगेल याचा नेम राहत नाही. त्यापुढे जाऊन काही हंगाम टिकलेले ब्लॉक आहेत, तसेच ४५० लाच फुटलेलेही आहेत.

आपल्या इंजिनाला अमेरिकेत ‘३०२’ म्हणतात, कारण त्याची क्षमता ३०२ घनइंच आहे. ते १९६८ साली आले, पण त्याच्या ब्लॉकची घडण १९६२ च्या २२१ घनइंची इंजिनापासूनची आहे. त्या इंजिनाची शक्ती १४५ अश्वशक्ती होती आणि मध्यम आकाराच्या गाडीत बसेल असे हलके बिडाचे व्ही-८ बनवायचे, हा त्यामागचा हेतू होता. त्यासाठी ओतकामात भिंती शक्य तितक्या पातळ ठेवल्या गेल्या. आपल्या गाडीत हे इंजिन कारखान्यातून २२५ अश्वशक्तीचे म्हणून निघाले. त्या कामासाठी हा ब्लॉक उत्तम आहे, आणि दुपटीहून जास्त मागितल्यावर तो फुटला तर दोष त्याचा नाही, मागणाऱ्याचा आहे, असे मला मनापासून वाटते.

आता तो फुटतो कसा ते पाहू, कारण गर्डलचे उत्तर त्यातच आहे. या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, चार इंच आहे, म्हणजे पिस्टनच्या माथ्याचे क्षेत्रफळ सुमारे ८१ चौरस सेंटिमीटर भरते. पूर्ण थ्रॉटलवर ज्वलनाचा कमाल दाब चौरस सेंटिमीटरला ७० किलो धरला, तर एका पिस्टनवर साडेपाच टनांहून अधिक भार येतो, आणि सुपरचार्जरने हा दाब १०० वर गेला की तोच भार आठ टनांच्या वर जातो. मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर असे तडाखे सेकंदाला ४०० वेळा बसतात. व्ही-८ मध्ये ते सरळ खाली न येता एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने तिरके येतात, त्यामुळे क्रँकला तोलून धरणाऱ्या मेन कॅप आपल्या बैठकीवर आडव्या हलू लागतात. त्यात भर अशी, की ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून या इंजिनाच्या तोलाचे ५० औंस-इंचाचे वजन क्रँकच्या दोन टोकांना, पुढच्या डँपरवर आणि मागच्या फ्लायव्हीलवर ठेवलेले असते. फेऱ्या वाढल्या की ती वजने क्रँकला वाकवू पाहतात.

ताण सोसलेले असे इंजिन उलटे करून ऑइल पॅन काढला आणि मेन कॅप सोडवल्या, की कॅप व ब्लॉक जिथे एकमेकांना टेकतात तिथे राखाडी, रगडल्यासारखा डाग दिसतो. यंत्राने तासलेल्या पृष्ठभागाच्या बारीक रेषा त्या जागी पुसून गेलेल्या असतात. कॅप हलत होती, याचा हा पुरावा. तडा मात्र कॅपला जात नाही. तो कॅपच्या वर, ब्लॉकच्याच आडव्या भिंतीत सुरू होतो, कॅमशाफ्टच्या (झडपा उघडणाऱ्या दांड्याच्या) बोगद्यातून वर चढतो आणि सिलिंडरांच्या दोन ओळींमधल्या टॅपेटच्या घळीत बाहेर पडतो, मग ब्लॉक लांबीने दोन फाकांसारखा उघडतो. गर्डल म्हणजे सगळ्या कॅपना खालून एकत्र जखडणारी पोलादी चौकट. तिने कॅपची हालचाल कमी होते, पण फुटणारी भिंत तिच्या वर असते, आणि म्हणूनच गर्डल जसेच्या तसे आणि वरचा ब्लॉक दुभंगलेला, अशी इंजिने अनेकांनी पाहिली आहेत. पाण्याच्या कप्प्यांत सिमेंटसारखे मिश्रण ओतण्याचा उपायही आपल्याला कोणीतरी सुचवेल. त्याने सिलिंडरच्या भिंतींना आधार मिळतो, फुटणाऱ्या या आडव्या भिंतीला नाही, आणि रस्त्यावरच्या गाडीत तेल तापण्याचा त्रास मागे लागतो.

अश्वशक्तीचा एकच आकडा धरून बसण्यात आणखी एक फसगत आहे. ६,५०० फेऱ्यांवर ४५० अश्वशक्ती देणाऱ्या इंजिनाचा टॉर्क त्या क्षणी सुमारे ४९० न्यूटन-मीटर असतो, तर तीच ४५० अश्वशक्ती ४,५०० फेऱ्यांवर काढली तर ७१० च्या वर. कागदावर दोन्ही इंजिने सारखीच दिसतात, पण ब्लॉकला दाब कळतो, अश्वशक्ती कळत नाही. नॉकिंग झाले, म्हणजे इंधन अवेळी भडकले, तर हा दाब एकदम उसळतो. माझ्या मते पाच लिटरचे जितके ब्लॉक नुसत्या शक्तीने फुटले असतील, त्याहून जास्त ठिणगीच्या चुकीच्या टायमिंगने आणि कमी पडलेल्या इंधनाने फुटले आहेत.

म्हणून माझा सल्ला असा. चाकांवर ३५० ते ३७५ वर समाधान माना, बूस्ट (सुपरचार्जरने वाढवलेला हवेचा दाब) आठ पीएसआयच्या, म्हणजे चौरस इंचाला आठ पौंडांच्या, आत ठेवा, दर पीएसआयमागे टायमिंग साधारण एक अंश मागे घ्या, फेऱ्या ६,००० च्या खाली राखा आणि सुपरचार्जरच्या आधी इंधनाचा पंप व इंजेक्टर बदला. तरीही आपला टी-५ गिअरबॉक्स ब्लॉकच्या आधी हात टेकेल, तेव्हा त्याचा खर्च आत्ताच धरून ठेवा. मुलाला ४५० च हवे असतील, तर पैसे गर्डलवर न घालता चार बोल्टच्या मेन कॅपचा, रेसिंगसाठी ओतलेला नवा ब्लॉक घ्यावा. जुन्या ट्रकांतून मिळणारा ३५१ विंडसर, म्हणजे फोर्डच्याच ३५१ घनइंची इंजिनाचा ब्लॉक, हाही चांगला पर्याय आहे. त्याच्या क्रँकची मेन जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) सव्वादोनऐवजी तीन इंचांची असतात आणि ब्लॉकही दणकट असतो. मात्र तो सव्वा इंचाने उंच असल्याने इनटेक मॅनिफोल्ड (हवा आत नेणारा भाग) आणि हेडर (धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) बदलावे लागतात आणि बॉनेटखालची जागा मोजून घ्यावी लागते.

प्रश्न : टोयोटा सुप्राच्या २जेझेड-जीटीई इंजिनाचा मूळ ब्लॉक ७०० अश्वशक्ती सहज पेलतो असे ऐकतो. तीन लिटरच्या इंजिनाला जे जमते ते पाच लिटरच्या फोर्डला का जमू नये?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ब्लॉक दोन्हींचा बिडाचाच आहे, फरक रचनेचा आहे. सुप्राचे सहा सिलिंडर एका ओळीत आहेत आणि क्रँकला सात मेन बेअरिंग आहेत, म्हणजे प्रत्येक कनेक्टिंग रॉडच्या दोन्ही अंगांना आधार आहे. फोर्डमध्ये आठ सिलिंडरांना पाचच मेन बेअरिंग आहेत आणि प्रत्येक क्रँकपिनवर दोन रॉड बसतात. सुप्रात ज्वलनाचा मुख्य तडाखा कॅपवर सरळ खाली येतो आणि बोल्ट तो ताणात घेतात, आडवे ढकलणे फारच थोडे. एका ओळीतील सहा सिलिंडर स्वभावतःच तोललेले असतात, त्यामुळे टोकांना वजने लटकवावी लागत नाहीत. बोअर ८६ मिलिमीटरचा असल्याने पिस्टनचे क्षेत्रफळ ५८ चौरस सेंटिमीटर आहे, म्हणून दाब तेवढाच असला तरी एका पिस्टनवरचा भार फोर्डच्या तुलनेत पाऊण हिश्श्याहूनही कमी पडतो. शिवाय हे इंजिन दोन टर्बो गृहीत धरूनच आखले होते. जपानमध्ये कंपन्यांच्या आपसांतील समजुतीप्रमाणे ते २८० अश्वशक्तीचे म्हणून विकले गेले, अमेरिकेत ३२० चे.

७०० हा आकडा मात्र इंधन, टायमिंग आणि तेलाचा दाब काटेकोर राखणाऱ्यांच्या हातचा आहे, वीस-पंचवीस वर्षे वापरलेल्या, कधी न उघडलेल्या इंजिनाला तो लावू नये. त्या पातळीवर आधी काळजी करावी ती कनेक्टिंग रॉड आणि पिस्टनची. बहुतेक जण त्यापुढे जाताना हे दोन्ही बदलतात आणि ब्लॉक तोच ठेवतात.